भिंतीकडे तोंड

आमची सहल शनिवारी होती आणि तिचा निबंध आम्ही मंगळवारीच लिहून टाकला होता. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या शाळेत असंच चालायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

मी तेव्हा सातवीत होते. ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं. मुलुंडला आमची मराठी शाळा होती, दुमजली, पिवळट रंगाची, पुढे मैदान म्हणून धुळीचा एक पट्टा. आम्ही नाहूरला दोन खोल्यांत राहायचो. बाबा आधी परळला गिरणीत होते. संपानंतर गिरणी कायमची सुटली आणि ते भांडुपच्या एका कारखान्याच्या गोदामात लागले. आई-बाबा दोघंही कोकणातले. घरात बोलणं मालवणीत, शाळेत जे बोलायचं ते वेगळं, आणि निबंधात जे लिहायचं ते आणखीनच वेगळं. या तिसऱ्या भाषेत पृथ्वीवर कोणीच बोलत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

ती भाषा आम्हाला मराठीच्या बाई शिकवायच्या. बाईंचं नाव सगळ्या मुलुंडभर होतं. आपलं मूल त्यांच्या तुकडीत पडावं म्हणून पालक ओळखी काढायचे. त्या बोर्डाचे पेपर तपासायच्या, त्यामुळे तपासणाऱ्याला काय हवं ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या लेखी शिक्षण म्हणजे एवढंच होतं. कडक खळ घातलेली साडी, हातात लाल पेन, आणि संथ, एकसुरी आवाज. निबंध त्या विरामचिन्हांसकट सांगायच्या. "प्रातःकाळची शीतल हवा, स्वल्पविराम, पक्ष्यांचा किलबिलाट, स्वल्पविराम, मन कसे मोहरून गेले, उद्गारचिन्ह." आम्ही उतरवून घ्यायचो आणि घरी जाऊन पाठ करायचो. परीक्षेत शब्द न शब्द जुळला तर दहापैकी नऊ. दहा कोणालाच नाहीत, दहा देणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. कोणी चुकून स्वतःचं एखादं वाक्य घातलं तर त्याखाली लाल रेघ यायची आणि समासात एकच शब्द असायचा, 'अनावश्यक'.

त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट असायलाही थोडी कल्पनाशक्ती लागते.

'माझी आई' हा त्यांचा गाजलेला निबंध. त्यात आई पहाटे उठते, अंगणात सडा घालते, रांगोळी काढते आणि तुळशीला प्रदक्षिणा घालते. वर्गात एकाच्याही घराला अंगण नव्हतं. माझ्या शेजारी बाकावर बसणारी मैत्रीण भांडुपच्या चाळीतून यायची. तिचे आईवडील मराठवाड्यातून आलेले, घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिची आई सकाळी सातच्या पाळीला औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं चिकटवायला जायची. निबंधात मात्र तीही तुळशीला प्रदक्षिणा घालायची. मैत्रिणीला त्या निबंधाला नऊ मिळाले आणि ती खूश झाली. मीही खूश झाले होते, मलाही नऊच होते. सगळ्या वर्गाला मिळून एकच आई होती आणि ती बाईंची होती.

तर सहल. आरे कॉलनीत जायचं होतं, दूध कुठून येतं ते बघायला. त्या काळी मुंबईतली शाळा सहलीला दुसरीकडे फारशी जातच नसे. मंगळवारी बाईंनी 'आमची सहल' सांगितला. त्यात गर्द वनराई होती, खळाळता ओढा होता, पिसारा फुलवून नाचणारा मोर होता, आणि शेवटी, गोमातेचे उपकार मानवजातीला कधीच फेडता येणार नाहीत, असं होतं. आमचं मन शनिवारी मोहरणार, हे मंगळवारी दुपारीच ठरलेलं होतं. वही मिटायला सांगून बाई म्हणाल्या, "आता तिथे गेल्यावर निबंधात जे आहे ते नीट पाहून घ्या. उगाच इकडेतिकडे बघत बसू नका."

शनिवारी बस पवईच्या बाजूने आरेत शिरली. आम्ही खिडक्यांतून मोर शोधत होतो. झाडं होती, झाडांतून मध्येच आदिवासी पाड्यातली घरं दिसायची, दोरीवर कपडे, अंगणात कोंबड्या, डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने चाललेल्या बाया. मुंबईतलं खरं अंगण मी प्रथम बसच्या खिडकीतून पाहिलं, पण ते निबंधात नव्हतं म्हणून त्याच्याकडे बघायचं नव्हतं. मागच्या सीटवरचा एक मुलगा म्हणाला की बाई, मोर तर नाहीच. बाई पुढे बघतच म्हणाल्या, "मोर असतोच. तुला दिसला नाही."

तबेल्यांच्या लांबलचक रांगा होत्या. वास नाकात शिरला तशा अर्ध्या मुलींनी रुमाल काढले. आणि पहिली गोष्ट आमच्या लक्षात आली ती ही, की तिथे गोमाता नव्हत्या. सगळ्या म्हशी. काळ्या, चकचकीत, ओल्या नाकाच्या, रवंथ करत आमच्याकडे अत्यंत कंटाळलेल्या नजरेने बघणाऱ्या. एका भय्याने दूध काढून दाखवलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. पी.टी.चे सर बरोबर होते, त्यांनी शिट्टी वाजवून दोन रांगा केल्या, आणि आम्ही निघणार एवढ्यात तबेल्याच्या टोकाला एक म्हैस ओरडली. त्या आवाजाने पुढची रांग जागच्या जागी थांबली.

ती म्हैस इतरांपासून वेगळी, भिंतीलगत गवत पसरून त्यावर बांधली होती. आधी उभी होती, मग बसली, परत उठली. शेपटी उंच धरलेली. तिथला म्हातारा भय्या शांतपणे बाह्या वर करत होता. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं होतं.

बाईंनाही कळलं. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. आग लागल्यावर माणसाचा होईल तसा झाला होता. त्यांनी सरांकडे बघितलं, सरांनी जमिनीकडे बघितलं. म्हशीची जागा दाराच्या तोंडाशी होती, तिला ओलांडून बाहेर जायची सोय नव्हती. मग बाईंना जे सुचलं ते त्यांनी केलं. त्या ओरडल्या, "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा. हात मागे. कोणी मागे वळून बघणार नाही."

अख्खा वर्ग वळला. समोर चुन्याने रंगवलेली, शेणाचे शिंतोडे उडालेली भिंत. तिच्यापासून हातभर अंतरावर आमची नाकं. आणि म्हशीचा आवाज आमच्या कानावर पडू नये म्हणून बाईंनी आम्हाला एकोणिसाचा पाढा म्हणायला लावला. मोठ्याने. आमच्या पाठीमागे एक जीव जन्माला येत होता आणि आम्ही शेणाच्या भिंतीला एकोणिसाचा पाढा ऐकवत होतो. शाळा म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते, त्यापुढे बोलायची गरज पडत नाही.

मी वळून पाहिलं. शौर्य म्हणून नाही, मला राहवलंच नाही. मी रांगेच्या टोकाला होते, माझ्यापुढे लाकडी खांब होता आणि बाई दुसऱ्या टोकाला पाढ्याचा ताल धरून उभ्या होत्या. मान थोडी तिरकी केली की सगळं दिसत होतं. आधी एक निळसर पांढरी पिशवी दिसली, मग तिच्या आत दोन खूर. खूर फिके होते, ओल्या साबणासारखे. मग त्या खुरांवर टेकवलेलं नाक. पोहायला उडी मारताना मूल हात पुढे करून डोकं खाली घालतं ना, अगदी तसं ते बाहेर येत होतं.

"काय झालं? सांग ना गं," मैत्रीण ओठ न हलवता म्हणाली.

मी पाढ्याच्या मधल्या जागा धरून तिला सांगायला लागले. पाय आले. नाक आलं. जीभ बाहेर आहे. भय्या ओढतोय. ती पुढच्या मुलीला सांगायची, ती तिच्या पुढच्या, आणि पाढ्याखालून ती गोष्ट भिंतीच्या कडेकडेने रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायची. मैत्रीण नुसती पोचवत नव्हती. मी 'भय्या ओढतोय' म्हटलं की ती 'भय्या ओढतोय आणि म्हैस रडतेय' असं पुढे द्यायची. मी 'जीभ बाहेर आहे' म्हटलं त्याचं तिने 'ते जीभ काढून दाखवतंय' केलं आणि चार-पाच मुलं पाढ्यातच फिसकन हसली. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी तिथेच ओळखलं. मला जे दिसत होतं ते मी सांगत होते. तिला काहीच दिसत नव्हतं, तरी ती त्यात भर घालत होती. तिने दोन रेडकं केली. दुसऱ्या टोकाच्या मुलांना पुढे कितीतरी दिवस खात्री होती की त्या म्हशीला जुळी झाली.

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी काहीतरी सांगत होते आणि लोक श्वास रोखून ऐकत होते. त्यांची तोंडं भिंतीकडे होती ही गोष्ट वेगळी. मग रेडकू गवतावर पडलं, भय्याने त्याचं नाक पुसलं, म्हशीने मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली, आणि नेमकी तेव्हाच सरांची शिट्टी वाजली. म्हैस रेडकाकडे वळल्याने बाहेर जायची वाट मोकळी झाली होती. आम्हाला खाली मान घालून बाहेर काढलं गेलं.

सोमवारी सहलीचा निबंध स्वच्छ अक्षरात लिहून द्यायचा होता. मी वनराई लिहिली, ओढा लिहिला, मोरही लिहिला, आणि मोर नाचून झाल्यावर म्हैस लिहिली. पाय, नाक, जीभ, सगळं. भिंतही लिहिली. बाईंना आवडेल असं मला खरंच वाटलं होतं. इतकी वर्षं त्या आम्हाला 'निरीक्षण करा' म्हणत होत्या.

बाईंनी त्या पानावर 'अनावश्यक' लिहिलं नाही. त्यांनी पान फाडलं, घडी केली आणि हेडसरांकडे नेलं. दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं गेलं.

आई कामावरून अर्धी रजा घेऊन आली, चांगली साडी नेसून. हेडसरांच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर बसली. हेडसर भले गृहस्थ होते, म्हणजे कोणत्याही बाबतीत त्यांना स्वतःचं असं काही मत नव्हतं. ते म्हणाले की मुलगी हुशार आहे, पण वळण बिघडतंय, या वयात मुलींच्या मनात असले विचार येणं बरं नाही, संस्कार घरातूनच झाले पाहिजेत. बाई बाजूला उभ्या होत्या. त्या ते पान आईच्या हातात द्यायलासुद्धा तयार नव्हत्या, इतकं ते घाण होतं. आई शाळेतल्या भाषेत, सांभाळून, "हो सर, चुकलं तिचं, परत नाही होणार," असं म्हणाली. मी आईकडे बघत होते आणि मला तिचाही राग येत होता.

आम्ही चालत घरी निघालो. रेल्वेच्या कुंपणाजवळ आल्यावर तिने पदर नीट केला आणि विचारलं, "रेडो होतो की पारडी?"

मी म्हटलं, "बघूक नाय गावला. सरांनी शिट्टी मारली."

"मेल्यांनी," ती म्हणाली, आणि आम्ही घरी आलो.

यानंतर वर्षभर मी सुधारले. स्वल्पविरामासकट पाठ करायचे, नऊ मिळवायचे. निबंधस्पर्धेत शाळेकडून गेले आणि 'वृक्ष आपले मित्र' लिहून बक्षीस आणलं. बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्या थोपटण्याने मला बरं वाटायचं, हे सांगायला हवं, नाहीतर शाळेची ताकद कळणार नाही. मुलाला मारून गप्प बसवता येतं, पण ते घरी जाऊन बोलतं. शाबासकी देऊन गप्प बसवलं की ते कुठेच बोलत नाही.

आठवीत असताना बाई अचानक दोन-तीन महिन्यांच्या रजेवर गेल्या. वर्गात त्यांनी सांगितलं की त्यांच्या मुलीकडे 'कार्य' आहे. मुलीचं बाळंतपण होतं, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं, पण तो शब्द त्यांच्या तोंडून येणं शक्य नव्हतं. कार्य.

त्यांच्या जागी बदली बाई आल्या. पार्ल्याहून यायच्या, दादरला गाडी बदलून, रोज पाच मिनिटं उशिरा. नुकतंच बी.एड. झालेल्या, बारीक आवाजाच्या, वर्ग त्यांना आवरायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर विषय न लिहिता सांगितलं, की तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी लिहा, विषय तुमचा, ओळी कितीही.

मग एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, मुद्दे द्या ना." बदली बाई म्हणाल्या की मुद्दे नाहीत. दुसऱ्याने विचारलं, सुरुवात कशाने करायची. तिसऱ्याने विचारलं की हे परीक्षेला येणार आहे का. आमच्या वर्गात पहिला येणारा मुलगा डबडबलेल्या डोळ्यांनी बसला होता. त्याला काहीही लिहायला सांगितलं होतं आणि त्याच्याकडे काहीच नव्हतं. तास संपला तेव्हा बहुतेकांनी मंगळवारची ती जुनी सहलच लिहून दिली होती. मोर, ओढा, सगळं. पाहिलेलं लिहा म्हटल्यावर त्यांना तेच आठवलं. माझ्या मैत्रिणीने 'माझी आई' लिहिला, तुळशीसकट.

त्या मुलांची मला तेव्हा कीव आली नाही, तुच्छताच वाटली. आता तेवढी वाटत नाही. पण त्यांना असं करणाऱ्यांविषयी जी वाटते ती वयाबरोबर वाढत चालली आहे.

मी पुन्हा म्हैस लिहिली. या वेळी मोर गाळून, सरळ तबेल्यापासून सुरुवात केली, आणि शेवट जरा उंची असावा म्हणून लिहिलं की 'अशा प्रकारे मातृत्वाचे मंगल दर्शन घडून आमचे जीवन कृतार्थ झाले.'

बदली बाईंनी मधल्या सुट्टीत मला बोलावलं. आता पुन्हा आईला आणायला सांगणार, असं मी धरून चालले होते. त्यांनी वही उघडून त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे कोणाचं आहे?"

"माझंच आहे, बाई."

"नाही. वरचं सगळं तुझं आहे. साबणासारखे खूर तुझे आहेत. हे कोणाचं?"

मी वहीकडे बघत म्हटलं, "आमच्या बाईंचं."

"मग त्यांचं त्यांना परत देऊन टाक," त्या म्हणाल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. मी ते वाक्य खोडलं. त्यांनी वाहवा केली नाही, छान लिहिलंस असंही म्हटलं नाही. रेडकू उभं राहिलं का ते विचारलं. मी सांगितलं की मी ते पाहिलं नाही. "मग ते लिहू नकोस," त्या म्हणाल्या, "तू इथेच थांब, शिट्टीपाशी." माझं लिहिणं जे काही आहे ते त्या मधल्या सुट्टीत सुरू झालं. बाकीची दहा वर्षं शाळेने घेतली.

बदली बाई टिकल्या नाहीत. पहिल्या येणाऱ्या मुलाचे वडील तक्रार घेऊन आले की नोट्स होत नाहीत, पोर्शन मागे पडतोय. हेडसर येऊन वर्गात मागे बसले. त्या दिवशी बदली बाईंनी निबंध फळ्यावर लिहून दिला आणि सगळ्या वर्गाने सुटकेचा श्वास टाकला. महिना संपायच्या आत त्यांना सांगण्यात आलं की आता येऊ नका. जाण्याआधी त्यांनी माझी म्हैस शाळेच्या वार्षिक अंकासाठी देऊन ठेवली होती. मला सांगितलंही नव्हतं.

अंक छापून आला तो गॅदरिंगच्या आठवड्यात. बाई आजी होऊन परतल्या होत्या आणि अंकाच्या संपादक त्याच होत्या. माझं नाव छापलं होतं. खालचं मी उभ्या उभ्या वाचलं. म्हशीची गाय झाली होती. भय्याचा गोपाळ झाला होता. नाक, जीभ, पिशवी, खूर, काहीच नव्हतं. 'इतक्यात एक गोंडस वासरू अवतरले' एवढंच होतं. जीवन पुन्हा कृतार्थ झालं होतं. आणि मध्ये, जिथे भिंत होती तिथे, हे वाक्य होतं: 'बाईंनी आम्हा सर्वांना प्रेमाने जवळ बोलावून सृष्टीचा हा चमत्कार समजावून सांगितला.'

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. खोटं बोलणारे लोक मी पाहिले होते, आमच्या चाळीत एकापेक्षा एक होते. पण खोटं बोलताना ते निदान समोरच्याच्या नजरेचा अंदाज घेत. इथे अख्खा वर्ग साक्षीला होता आणि बाईंना त्याची फिकीर नव्हती. आणि त्या बरोबर होत्या, कारण कोणी काही म्हटलं नाही.

गॅदरिंगला ते मला स्टेजवर वाचायचं होतं. मंडप, थर्माकोलची अक्षरं, पुढच्या रांगेत संस्थेची मंडळी. मी ठरवून काही गेले नव्हते. पण 'गाय' हा शब्द आला आणि माझ्या तोंडून 'म्हैस' निघालं. मग दर वेळी म्हैसच म्हटलं. बाईंनी प्रेमाने जवळ बोलावलं त्या वाक्याशी आल्यावर मी थांबले, ते सोडून दिलं आणि पुढचं वाचलं. मला वाटलं होतं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. पुढच्या रांगेत कोणी तरी अध्यक्षांना सरबत देत होतं. टाळ्या वाजल्या, पुढच्या नाचाची गाणी लागली.

विंगेत बाई भेटल्या. त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "घाबरलीस ना? एक ओळ विसरलीस," त्या खरोखर मायेने म्हणाल्या. "असू दे, होतं असं. आणि घरी बोलता तसं म्हैस-बिस स्टेजवर म्हणायचं नसतं हं."

त्यांना वाटलं मी विसरले. कोणी त्यांचं वाक्य मुद्दाम गाळेल हे त्यांच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. मी इतका वेळ त्यांना घाबरत होते, त्यांचा राग करत होते. त्या क्षणी दोन्ही संपलं. ज्या बाईला एवढंही सुचू शकत नाही तिच्यावर रागवायचं तरी काय? मी "हो बाई" म्हटलं आणि खाली उतरले. तेव्हापासून मी त्यांना हवं ते लिहून देत गेले. दहावीला बोर्डालाही दिलं, मोर आणि ओढ्यासकट, कारण त्या न पाहिलेल्या तपासनिसाचीही लायकी तेवढीच होती. मराठीत शाळेत पहिली आले. बाईंनी पेढे वाटले. माझं स्वतःचं मी घरी, रद्दीच्या कागदांच्या मागच्या बाजूला लिहायचे आणि शाळेतल्या कोणालाही दाखवायचे नाही.

मैत्रिणीचं तसं झालं नाही. तिने बाईंना कधीच तुच्छ मानलं नाही. तिचा बाईंवर विश्वास होता. तिच्या घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिली, तिने विश्वास ठेवायचा नाही तर कोणी? बारावीनंतर ती डी.एड.ला गेली. एकदा रविवारी ती आमच्याकडे आली, सोबत कार्डशीट आणि स्केचपेनं. तिला वर्गात पाठ घ्यायचा होता, विषय निबंधलेखन, त्याचा तक्ता करायचा होता. माझं अक्षर बरं म्हणून मदतीला मी. आम्ही जमिनीवर बसलो. तिने विषय सांगितला, 'आमची सहल', आणि मुद्दे एकाखाली एक लिहायला लागली. वनराई. ओढा. मोर.

मी हसले. तिला म्हटलं, "तुला ती भिंत आठवते का गं? तू दोन रेडकं केली होतीस."

तिने स्केचपेन थांबवलं. "कसली भिंत?"

"आरेची. बाईंनी पाढा म्हणायला लावला होता ना."

ती आठवू लागली. कपाळाला आठ्या घालून, मनापासून. मग तिचा चेहरा उजळला. "हो, ते गाईचं वासरू," ती म्हणाली. "बाईंनी आपल्याला जवळ बोलावून दाखवलं होतं. किती छान समजावलं होतं ना त्यांनी."

ती चेष्टा करत नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. सांगावं असं वाटलं, तोंड उघडलंही. पण ती परत खाली वाकली होती, जीभ दातांत धरून एकेक अक्षर रंगवत होती, आणि तिचा पाठ दुसऱ्या दिवशी होता. आईने चहा आणून ठेवला. मैत्रिणीने तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि शुद्धलेखन बघायला सांगितलं. एक ऱ्हस्व चुकला होता, एक दीर्घ. मी दोन्ही दुरुस्त करून दिले.